थेंबांचं नाव विचारा, मंठेकरांनो!

पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या घरात दोन वर्षांच्या आतलं लेकरू आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी आपल्या भावकीतल्या, गल्लीतल्या अशा एखाद्या घरी पाठवावी. एवढीच विनंती सुरुवातीला.

आपल्या तालुक्यात रस्त्यावर बोलतात, नळाच्या पाण्यावर बोलतात, पीकविम्यावर तर रोज बोलतात. बोललंच पाहिजे. पण एका छोट्या बाटलीवर कुणीच बोलत नाही. अंगठ्याएवढी बाटली, वर ड्रॉपर. कुणाच्या घरी फ्रीजवर असते, कुणाच्या देवळीत, कुणाच्या पाळण्याच्या उशाशी. विचारलं तर उत्तर एकच. "सर्दी-खोकल्याचे थेंब हायेत." नाव? "नाव काय माहीत नाही, पण लई गुण आहे."

मी गेली वीसेक वर्षं मेडिकलच्या काउंटरमागं उभा आहे. डॉक्टर नाही, आणि डॉक्टरकीचा आव आणत नाही. पण कुठली बाटली कोण मागतो, किती वेळा मागतो आणि कागद न दाखवता मागतो, हे माझ्याइतकं तहसील कार्यालयालाही माहीत नसेल. म्हणून लिहितोय. माझ्याच धंद्यातले काही भाऊबंद चिडतील. चिडू द्या.

तर ही बाटली. सगळ्या थेंबांबद्दल मी बोलत नाही. जीवनसत्त्वाचे असतात, तापाचे असतात, पोटफुगीचे असतात, त्यांच्याशी आज माझं भांडण नाही. माझं बोलणं आहे बेटामेथासोन नावाच्या थेंबांबद्दल, आणि डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन या त्याच्याच भावंडांबद्दल. ही सगळी स्टेरॉइडं. स्टेरॉइड शरीरातली सूज दाबतं, लाली दाबतं, ताप दाबतं. त्यामुळं खोकणारं लेकरू दोन दिवसांत शांत होतं, झोपतं, दूध जास्त ओढतं. आईला वाटतं, आजार गेला. आजार बऱ्याचदा जागेवरच असतो, फक्त त्याचा आवाज बंद झालेला असतो.

मग काय होतं? सर्दी परत आली की बाटली परत. पावसाळ्यात एक, थंडीत दोन. बाटली संपली की रिकामी बाटली पिशवीत टाकायची, बाजाराच्या दिवशी मंठ्याला यायचं आणि काउंटरवर ठेवायची, "हीच द्या." कागद नाही, तारीख नाही, किती दिवस द्यायचं याचा पत्ता नाही. चार दिवसांसाठी कुणीतरी दिलेलं औषध चार महिने चालतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. लेकरू दिसायला छान व्हायला लागतं. गाल गोल, हनुवटीखाली घडी, पोट पुढं. आजी म्हणते, "कसं बाळसं धरलंय बघा!" शेजारीण दृष्ट काढायला सांगते. अहो, ते बाळसं नाही. दीर्घकाळ स्टेरॉइड पोटात गेलं की चेहरा असाच गोल फुगतो, डॉक्टर त्याला चंद्रासारखा चेहरा म्हणतात. हातपाय बारीक राहतात, उंची वाढायची थांबते, आणि आतून लेकराची राखण करणारी फौज झोपी जाते. गुटगुटीत लेकराची आपल्याला एवढी हौस, की आजारच आपल्याला तब्येत वाटायला लागला.

ही फौज झोपली की काय होतं, ते समजून घ्या. आपल्या सगळ्यांच्या श्वासातून काही जंतू रोज फुप्फुसात जातात. धडधाकट माणसाला ते काही करत नाहीत. ते संधीची वाट बघतात. पहारेकरी झोपला की आत शिरणाऱ्या भुरट्या चोरासारखे. त्यातला एक आहे न्युमोसिस्टिस नावाचा बुरशीच्या जातीचा जंतू. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे युरोपातल्या अनाथालयांत अशक्त, कमी दिवसांची, कुपोषित तान्ही बाळं एका विचित्र न्युमोनियानं जात होती. १९५२ साली चेकोस्लोव्हाकियातल्या वानेक आणि यिरोव्हेत्स या दोघांनी त्याचं कारण हा जंतू असल्याचं दाखवलं. १९८१ साली अमेरिकेत एड्सची पहिली चाहूल लागली तीसुद्धा याच न्युमोनियामुळं. म्हणजे हा जंतू जिथं प्रतिकारशक्ती कोसळते तिथं हजर. एचआयव्ही असो, कॅन्सरचं औषध असो, कुपोषण असो, नाहीतर महिनोन् महिने चाललेलं स्टेरॉइड असो.

तो एकटाच नाही. टीबी आहे. घरात खोकणारे आजोबा असतात, त्यांची तपासणी झालेली नसते, आणि स्टेरॉइडवरचं लेकरू त्यांच्याच मांडीवर खेळतं. गोवर आहे, कांजिण्या आहेत. एरवी आठवडाभरात बऱ्या होणाऱ्या कांजिण्या अशा लेकराच्या फुप्फुसात उतरू शकतात. आणि बुरशी आहे, जी आपण २०२१ साली डोळ्यांनी पाहिली. त्यावर पुढं येतो.

आता मुद्द्याचा भाग. हा न्युमोनिया नेहमीच्या न्युमोनियासारखा दिसत नाही. ताप कमी असतो, कधी नसतोच, कारण ताप दाबायचं काम स्टेरॉइडनं आधीच केलेलं असतं. खोकला कोरडा. नळी लावून छाती ऐकली तर बऱ्याचदा साफ वाटते. फक्त श्वास वाढलेला असतो आणि रक्तातला ऑक्सिजन खाली चाललेला असतो. लेकरू दूध ओढता ओढता थांबतं, धापा टाकतं, परत ओढतं. दवाखान्यात नेलं की "छाती भरलीय" म्हणून नेहमीचं अँटिबायोटिक सुरू होतं. त्या अँटिबायोटिकला हा जंतू दाद देत नाही. त्याचं औषध वेगळं आहे, आणि ते ज्याला हा न्युमोनिया असू शकतो अशी शंका येते तोच देतो. शंका कधी येणार? लेकरू स्टेरॉइडवर आहे हे कळलं तर. आणि ते कळणार कसं, जर आईलाच बाटलीचं नाव माहीत नसेल, बाटली घरी असेल आणि विचारणाऱ्यानं विचारलंच नसेल?

एक उदाहरण देतो. गावाचं नाव सांगणार नाही, कुटुंबाची बदनामी करायची नाही. एका पावसाळ्यात एक आजी रिकामी बाटली घेऊन आली. नातू सात महिन्यांचा. मी म्हटलं, मावशी, कागद दाखवा. कागद नव्हता. "असे थेंब किती दिवस चालूयत?" "अक्षय तृतीयेपासून असतील बघा." म्हणजे किती महिने, ते तुम्हीच मोजा. लेकरू सुनेजवळ बाहेर रिक्षात होतं. गाल असे की कॅलेंडरवर छापावेत. पण नाकपुड्या फुललेल्या, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मी घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला सत्तरच्या वर. चार दिवस कुठंतरी इंजेक्शनं चालू होती, तिथं थेंबांबद्दल कुणी विचारलं नव्हतं. १०८ ला फोन केला. आजीच्या हातात रिकामी बाटली दिली आणि सांगितलं, पोहोचल्याबरोबर पहिल्यांदा ही बाटली दाखवा, बाकीचं नंतर बोला.

लेकरू वाचलं. पंधरा-वीस दिवस दवाखान्यात राहून वाचलं, आणि त्या घरातल्या दोन म्हशींपैकी एक गेली. तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं की बाटली दाखवली म्हणून आम्हाला लवकर दिशा मिळाली. बघा म्हणजे. त्या दिवशी रिकाम्या बाटलीवरच्या नावानं जेवढं काम केलं, तेवढं आधीच्या चार दिवसांच्या इंजेक्शनांनी केलं नव्हतं.

"थेंबच तर आहेत, थेंबांनी काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब मांडतो. बेटामेथासोनच्या थेंबांत एका मिलीला अर्धा मिलिग्रॅम औषध असतं. हे औषध ताकदवान आहे. अर्धा मिलिग्रॅम बेटामेथासोन म्हणजे साधारण चार मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. सहा किलोच्या लेकराला दिवसातून तीनदा एक-एक मिली दिलं तर पोटात गेलं बारा मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढं. किलोला दोन मिलिग्रॅम. ही मात्रा किडनीच्या आजारात, नेफ्रोटिकमध्ये, तज्ज्ञ डॉक्टर देतात, तेही लघवी तपासून, बीपी तपासून. एवढी मात्रा दोन आठवडे चालली तर लेकराची प्रतिकारशक्ती दबली असं धरतात, आणि जिवंत जंतूंच्या लसी औषध संपल्यावर महिनाभरापर्यंत पुढं ढकलतात. आणि आपण ती मात्रा "सर्दी आहे" म्हणून ड्रॉपरनं देतोय. ड्रॉपरवरच्या खुणा बघून देणारे तरी किती?

मलमाचंही तेच. लंगोटाच्या जागी लाल झालं की शेजारणीकडची ट्यूब लावायची. क्लोबेटासोल हे चामडीवर लावायच्या स्टेरॉइडांतलं सर्वांत जहाल औषधांपैकी एक. तान्ह्याची कातडी पातळ, वरून लंगोट घट्ट बांधलेला, औषध सरळ रक्तात जातं. अशा मलमानं बाळं फुगल्याच्या, आणि नंतर जंतुसंसर्गानं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आता कुणी म्हणेल, म्हणजे स्टेरॉइड हे विषच. थांबा. असं अजिबात म्हणू नका. हे औषध देवासारखं धावून येतं तेही मी बघितलंय. घसा सुजून श्वास अडकलेल्या लेकराला एक डोस दिला की जीव वाचतो. कमी दिवसांची बाळंतीण असेल तर तिला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, त्यानं पोटातल्या बाळाची फुप्फुसं तयार होतात. एक-दोन दिवसांच्या, मोजून दिलेल्या औषधानं फौज झोपत नाही. आणि काही आजारांत ते महिनोन् महिने द्यावंच लागतं.

त्यातला एक आजार मुद्दाम सांगतो, कारण तो आपल्याकडं पोटदुखी समजून सोडून दिला जातो. चार-सहा-आठ महिन्यांचं लेकरू झोपेतून उठताना एकदम दचकल्यासारखं करतं, मान पुढं टाकतं, हात पसरतं, क्षणभर थांबतं, परत तेच. एका मागोमाग दहा-वीस वेळा. आई म्हणते पोटात मुरडा येतोय, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. ते मेंदूचे झटके असतात. १८४१ साली विल्यम वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरनं स्वतःच्या मुलाचे असे झटके बघून ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पत्र लिहिलं होतं, म्हणून त्या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. आपल्या देशात जन्मतः न रडलेली, पहिल्या दिवसांत साखर कमी झालेली बाळं त्यात जास्त. त्याच्या मुख्य औषधांतलं एक म्हणजे जास्त मात्रेतलं स्टेरॉइड, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितका मेंदू वाचतो. अशा आईला मी कधीही म्हणणार नाही की थेंब नको, गोळी नको. द्या. वेळेवर द्या.

पण बघा पुढं काय होतं. निदान होतं घाटीत नाहीतर संभाजीनगरच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात. मंठ्यापासून जालना साठेक किलोमीटर, तिथून पुढं तेवढंच. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत. त्यात गोळी कशी कमी करत न्यायची याचं वेळापत्रक असतं. आई तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावी आणते. दिवाळी झाली की तेच कुटुंब ऊसतोडीला जातं, लेकरू कोपीवर, पिशवी गावातल्या पत्र्याच्या पेटीत. तिकडं खोकला झाला तर तिथल्या डॉक्टरला काय माहीत? गोळ्या संपल्या तर कुणी एकदम बंद करतो, आणि एकदम बंद केलं तर लेकरू वेगळ्याच कारणानं गळून पडतं, कारण स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं शरीर विसरलेलं असतं. कुणी उलट तीच मात्रा चालू ठेवतो. दोन्हीकडून मरण लेकराचंच.

म्हणजे वाटा दोन. एका वाटेनं औषध चुकीचं येतं, दुसऱ्या वाटेनं बरोबर येतं. पण गावाच्या वेशीत शिरलं की दोन्ही बेवारस होतात. नाव हरवतं, तारीख हरवते, लक्ष ठेवणारा कुणी राहत नाही. माझा राग या बेवारसपणावर आहे.

आणि हे अडाण्याचं राज्य आहे, सरकारला काही कळतच नाही, असंही नाही. कळतं. आईला एचआयव्ही असेल तर तिच्या बाळाला सहा आठवड्यांचं झाल्यापासून कोट्रायमोक्साझोल नावाचं साधं, स्वस्त औषध देतात. कशासाठी? याच न्युमोसिस्टिसपासून राखण म्हणून. बाळाची नोंद होते, पाठपुरावा होतो. या औषधाचा पुरावा आजचा नाही. १९७७ साली अमेरिकेत वॉल्टर ह्यूज यांनी कॅन्सरच्या उपचारावरच्या मुलांवर अभ्यास छापला. औषध न मिळालेल्या ८० मुलांपैकी १७ जणांना हा न्युमोनिया झाला, औषध मिळालेल्या ८० पैकी एकालाही नाही. ही गोष्ट पन्नास वर्षं जुनी आहे, दादा. मग दीर्घकाळ जास्त मात्रेच्या स्टेरॉइडवरच्या तान्ह्या बाळाला हे संरक्षण द्यायचं की नाही, हा प्रश्न प्रत्येक डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेला का नसावा? द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, प्रत्येकाला लागेलच असंही नाही. पण प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे की नाही? अशा बाळांची यादी, असं रजिस्टर आपल्या तालुक्यात मी तरी पाहिलेलं नाही.

२०२१ चा उन्हाळा आठवा. कोरोनातून उठलेली माणसं काळ्या बुरशीनं परत आडवी झाली. कुणाचा डोळा काढला, कुणाचा जबडा. मे महिन्यात केंद्रानं राज्यांना तो आजार साथरोग कायद्याखाली घ्यायला सांगितलं, जूनअखेर देशात चाळीस हजारांवर रुग्ण मोजले गेले, आणि महाराष्ट्र सगळ्यात जास्त भाजलेल्या राज्यांत होता. कारणं कोणती सांगितली? न आवरलेली साखर, आणि वारेमाप स्टेरॉइड. तेच डेक्सामेथासोन, ज्यानं योग्य रुग्णाला योग्य दिवस दिल्यावर कोरोनात जीव वाचवले होते. तेव्हा चौकाचौकात प्रत्येक माणूस स्टेरॉइडवर भाषण देत होता. चार वर्षांत सगळं विसरलो. मोठ्यांच्या डोळ्यांसाठी रडलो, लेकरांच्या फुप्फुसाकडं बघायचं राहून गेलं.

२०२५ च्या ऑक्टोबरचंही घ्या. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी सिरपनं वीसहून जास्त लेकरं गेली, कितीतरी जणांना उपचाराला आपल्या नागपुरात आणलं होतं. देश हादरला. धाडी पडल्या, नमुने घेतले, दोन वर्षांच्या आतल्या लेकराला खोकल्याचं औषध देऊ नका असं केंद्रानं सांगितलं. बरोबरच केलं. पण त्या सिरपमध्ये भेसळ होती, म्हणून गुन्हा दिसला. माझ्या या बाटलीत भेसळ नाही. औषध शुद्ध, कंपनी नामांकित, मुदत शिल्लक. नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर पास होईल. म्हणून धाड पडत नाही, बातमी होत नाही, आणि गेलेल्या लेकराच्या कागदावर नुसतं "न्युमोनिया" लिहिलं जातं.

मग दोष कुणाचा? सगळ्यात आधी आमचा, म्हणजे काउंटरचा. हे औषध शेड्युल एच मधलं आहे. बाटलीवर आरएक्स छापलेलं असतं, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं लिहिलेलं असतं. २०१८ मध्ये मलमांतली स्टेरॉइडंही या बंधनात पक्की बसवली. तरी "ओळखीचं गिऱ्हाईक आहे, परत कुठं पाठवायचं" म्हणून बाटली सरकवली जाते. एका बाटलीत सुटतात किती रुपये? त्यासाठी आपण परवान्याची फ्रेम भिंतीवर लावलीय का?

मग दोष पटकन गुण दाखवण्याच्या हव्यासाचा. बिनडिग्रीवाल्यांचा तर आहेच, त्यांच्यासाठी १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा आहे आणि बोगस डॉक्टर शोधायच्या समित्याही आहेत. पण भिंतीवर डिग्री लावलेल्यांनीही छातीवर हात ठेवून सांगावं, की "दोन दिवसांत गुण आला नाही तर गिऱ्हाईक समोरच्याकडं जाईल" या भीतीनं कधी चिठ्ठीत स्टेरॉइड पडत नाही का?

आणि औषध प्रशासन. निरीक्षक कमी आहेत हे ऐकून ऐकून कान किटले. कमी आहेत तर भरा. सणाच्या तोंडावर खव्याचे नमुने घ्यायला गाडी येते, तशी वर्षातून दोनदा या बाटलीची खरेदी-विक्रीची बिलं तपासायला यावी. तालुक्यात किती बाटल्या आल्या आणि किती चिठ्ठ्या दाखवता येतात, एवढं जुळवलं तरी सगळं उघड होईल.

"गरिबानं जायचं कुठं? बालरोगतज्ज्ञाची फी, गाडीभाडं, बुडालेली मजुरी…" हा आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. ढोकसाल, तळणीकडच्या माणसाला लेकराच्या सर्दीसाठी जालना गाठ म्हणणं ही थट्टा आहे. पण साध्या सर्दीला जालन्याला जायची गरजच नसते. सर्दी आठवडाभरात स्वतः जाते. अंगावरचं दूध, नाक साफ ठेवणं, ऊब, आणि श्वासावर नजर. त्याला पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते फुप्फुस बिघडल्यावर, तेव्हा म्हैस विकावी लागते. गरिबाच्या नावानं ही बाटली विकणं म्हणजे गरिबावर उपकार नव्हेत.

म्हणून मागण्या. मोठ्या नाहीत, नवी इमारत मागत नाही.

एक. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतातच. त्या भेटीत एक प्रश्न वाढवा: "बाळाला कुठले थेंब, गोळी, मलम चालू आहे? बाटली दाखवा." तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी एका बैठकीत सांगितलं तर पुढच्या महिन्यापासून सुरू होऊ शकतं. मात्र आशाताईंवर नवं काम टाकताना त्यांचा मोबदलाही वेळेवर द्या.

दोन. दीर्घकाळ स्टेरॉइडवरच्या प्रत्येक लेकराच्या माता-बाल कार्डावर लाल शाईनं लिहा. औषधाचं नाव, मात्रा, सुरू तारीख, बंद करायची तारीख, मोठ्या दवाखान्याचा फोन, कुठली लस थांबवायची आणि कुठली नक्की द्यायची. मराठीत. ऊसतोडीला जाताना कार्ड सोबत जातं, डिस्चार्जची पिशवी जात नाही.

तीन. मंठ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लेकरांच्या मापाचा ऑक्सिमीटर. कोरोनात वाटलेले मोठ्यांचे चिमटे तान्ह्याच्या बोटाला नीट बसत नाहीत.

चार. तालुक्यातल्या केमिस्ट बांधवांना जाहीर आवाहन. दोन वर्षांच्या आतल्या लेकराचं स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय नाही, आणि जुन्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी ठरवलं तर गिऱ्हाईक कुणाचंच तुटणार नाही. माझ्या दुकानात हे लागू आहे. येऊन तपासा.

शेवटी घरच्यांसाठी, आज रात्रीच करायचं काम.

बाटली उलटी करा, बारीक अक्षरातलं नाव वाचा किंवा शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सोलोन" असेल तर बहुतेक स्टेरॉइड. सेफ्ट्रायॅक्सोनला फसू नका, ते अँटिबायोटिक आहे. आणि डेफ्लाझाकोर्ट असं नाव असेल तर शेवट वेगळा असूनही ते स्टेरॉइडच. शंका असेल तर कुठल्याही मेडिकलवर विचारा, सांगायचे पैसे पडत नाहीत.

स्टेरॉइड निघालं आणि बरेच दिवस चालू असेल तर घाबरून आजच बंद करू नका. हे नीट वाचा: एकदम बंद करू नका. लेकरू आणि बाटली दोन्ही घेऊन बालरोगतज्ज्ञाकडं जा, ते हळूहळू उतरवतील. घरात कुणी दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल तर त्याची थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. गोवर-कांजिण्या झालेल्या घरी लेकरू नेऊ नका, चुकून संपर्क आला तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवा.

आणि श्वास मोजायला शिका. लेकरू शांत असताना, पोटावरचा कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वाढलाय. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध ओढत नाही, ओठ निळसर, तर मोजत बसू नका. १०८ लावा. ताप नाही म्हणून थांबू नका, स्टेरॉइडवरच्या लेकराला ताप येईलच असं नाही. आणि दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर पहिलं वाक्य हेच: "लेकराला हे थेंब चालू आहेत."

कमेंटमध्ये मला शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या. फक्त त्याआधी आपल्या घरातल्या बाटलीचं नाव लिहा. किती जणांना लिहिता येतं, तेच बघायचंय.